व्याह्यांचं प्रोस्टेट, रक्तातलं एम प्रोटीन आणि एजंट ऑरेंज

ताई, तुमचा प्रश्न सकाळी क्लिनिकला निघायच्या आधी वाचला आणि दिवसभर डोक्यात राहिला, कारण तुम्ही लिहिलंय तसे आजोबा माझ्याकडे दर आठवड्याला येतात. मी मूळची सोलापूरची, गेली २२ वर्षं अमेरिकेत व्हीएच्या म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये कॅन्सरचे पेशंट बघतेय, त्यातही रक्ताचे जास्त.

मी काय समजले ते आधी सांगते. तुमच्या लेकीचे सासरे ७७ वर्षांचे, ओहायोत राहतात, १९६८-६९ ला आर्मीत ट्रक ड्रायव्हर होते, व्हिएतनाममध्ये बिएन होआ आणि लाँग बिन्हच्या आसपास. ६ वर्षांपूर्वी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, रेडिएशन झालं, बरे आहेत. आता रुटीन रक्त तपासणीत एम प्रोटीन, म्हणजे रक्तातल्या काही पेशींनी बनवलेलं एकाच साच्याचं जादा प्रथिन, सापडलं आणि डॉक्टर म्हणाले एमगस आहे, म्हणजे मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या आधीची पायरी, सध्या काही करायचं नाही. जावई म्हणतो एजंट ऑरेंजचा, म्हणजे व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने फवारलेल्या तणनाशकामुळे आजार झाला म्हणून व्हीएकडे भरपाईचा क्लेम करा, आणि व्याही म्हणतात मी कधी फवारणीचं विमान बघितलंसुद्धा नाही, ५५ वर्षं झाली, खोटं कशाला बोलू. तुम्हाला विचारायचंय की इतक्या वर्षांनी हे त्याचंच असू शकतं का, जावयाला आणि नातवाला काही धोका आहे का, आणि शेवटी तुमच्या भावाबद्दल, वाळव्याला ऊस आहे आणि तो उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारतो, ते हेच का.

सगळ्यात आधी क्लेमचं, कारण तिथे दिवस वाया जातायत. क्लेम करायला सांगा, याच आठवड्यात. आणि त्यांना हे समजावून सांगा की कायदा त्यांना "तुमच्यावर फवारणी झाली का" असं विचारतच नाही. कायदा विचारतो तुम्ही तिथे होता का. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात ज्याचा पाय व्हिएतनामच्या जमिनीला लागला त्याला संपर्क झाला असं धरूनच चालतात, आणि त्यानंतर ठरलेल्या यादीतला बहुतेक कोणताही आजार कितीही वर्षांनी झाला तरी तो नोकरीमुळे झाला असं मानतात. प्रोस्टेटचा कॅन्सर १९९६ पासून त्या यादीत आहे. एमगस २०२२ च्या पॅक्ट ॲक्ट या माजी सैनिकांसाठीच्या कायद्याने आलं. म्हणजे तुमच्या व्याह्यांचे दोन्ही आजार यादीत आहेत आणि त्यांना एक अक्षरही खोटं बोलायचं नाहीये, मी तिथे होतो आणि मला हे झालंय, एवढंच सांगायचंय, आणि दोन्ही खरं आहे.

हा नियम असा का केला ते सांगितलं तर त्यांचा संकोच जरा कमी होईल. एजंट ऑरेंज म्हणजे 2,4-डी आणि 2,4,5-टी या दोन तणनाशकांचं निम्मं-निम्मं मिश्रण, २०८ लिटरच्या ड्रममध्ये यायचं, ड्रमवर नारिंगी पट्टा म्हणून ते नाव, आतलं औषध तांबूस-तपकिरी असायचं. जंगलाची पानं झडावीत, शत्रूला लपायला जागा राहू नये, शेतातलं पीक जावं म्हणून १९६२ ते १९७१ या काळात अशी वेगवेगळी औषधं मिळून ७ कोटी लिटरहून जास्त फवारली गेली, त्यातलं निम्म्याहून जास्त एजंट ऑरेंज. विमानांच्या फेऱ्यांची नोंद आहे, पण तळांच्या कुंपणाकडेने, रस्त्याकडेने ट्रकवरून आणि पाठीवरच्या पंपाने जे मारलं त्याची नोंद धड नाही, आणि कोणता सैनिक कोणत्या दिवशी कुठे होता याची तर त्याहून नाही. त्यात बिएन होआ हा या विमानांचा मुख्य तळ होता, तिथे औषध साठवायचे, भरायचे, सांडायचं, आणि तिथली सुमारे ५ लाख घनमीटर माती आजही साफ करायचं काम चालू आहे. व्याह्यांनी विमान बघितलं नसेलही, पण ते त्या तळाच्या रस्त्यांवर वर्षभर धूळ खात ट्रक चालवत होते.

माझा एक पेशंट होता, सप्लायमध्ये काम केलेला. तोही पहिल्या भेटीत हेच म्हणाला, माझा त्या औषधाशी संबंधच नाही. मी म्हटलं राहू दे, तिथे दिवस कसा जायचा ते सांगा. तर बोलता बोलता म्हणाला की आंघोळीच्या पाण्यासाठी आम्ही फळ्यांवर ड्रम चढवला होता, उन्हाने पाणी गरम व्हायचं, आणि दुसरा ड्रम उभा कापून त्यात कोळसे टाकून मांस भाजायचो. ड्रमला पट्टा होता का विचारलं. गप्प बसला, बायकोकडे बघितलं आणि मग स्वतःच्या दंडाभोवती बोट गोल फिरवून दाखवलं, असा, नारिंगी. ५० वर्षं त्याला माहीतच नव्हतं की त्याला माहितीये.

आता इतक्या वर्षांनी होऊ शकतं का. खरा गुन्हेगार तणनाशक म्हणून घातलेलं औषध तितकंसं नव्हतं, 2,4,5-टी बनवताना तापमान वाढलं की एक अशुद्धी तयार व्हायची, टीसीडीडी नावाचं डायॉक्सिन म्हणजे एक विषारी रसायन, ते होतं. आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, १९९७ ला त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. ते चरबीत जाऊन बसतं आणि निम्मं व्हायलाच ७ ते ११ वर्षं लागतात, म्हणजे पोरगा २१ व्या वर्षी घरी आला, लग्न केलं, मुलं झाली, चाळिशी आली, तरी ते अंगात थोडंथोडं होतंच. ते डीएनए थेट तोडत नाही, पेशीतल्या एका रिसेप्टरला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं आणि वाढीचे, प्रतिकारशक्तीचे सिग्नल बिघडवत राहतं, म्हणजे आधीच बिघडलेल्या पेशीला वाढायला मोकळं रान मिळतं. अशा कामाला काही दशकं लागतात, त्यामुळे उशीर झाला म्हणून संबंध नाही असं म्हणता येत नाही.

आणि हो, काही जण आता रक्तात डायॉक्सिन तपासून घ्यायचं म्हणतात, त्यात पैसे घालू नका. ७ वर्षांनी निम्मं असं धरलं तरी ५० वर्षांत सात वेळा निम्मं, म्हणजे सव्वाशेवा हिस्सा उरला, आणि तुमच्याआमच्या अंगातही खाण्यातून थोडं डायॉक्सिन असतंच, त्यात ते मिसळून गेलेलं असणार. रिपोर्ट नॉर्मल आला तर ते उगाच म्हणतील बघा, मला नव्हतंच.

पण सगळ्या कॅन्सरचा पुरावा सारखा नाहीये हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९९१ च्या एजंट ऑरेंज ॲक्टमुळे अमेरिकेच्या विज्ञान अकादमीची समिती ठरावीक वर्षांनी सगळा अभ्यास तपासायची आणि पुराव्याचे दर्जे लावायची. त्यात सगळ्यात वरच्या दर्जाला सॉफ्ट टिश्यू सार्कोमा (स्नायू, चरबी अशा मऊ भागांचा कॅन्सर), नॉन-हॉजकिन आणि हॉजकिन लिंफोमा (लसिका ग्रंथींचे कॅन्सर), सीएलएल (ल्युकेमियाचा एक प्रकार) आणि २०१८ पासून एमगस. खालच्या दर्जाला, म्हणजे संबंध दिसतो पण पक्का म्हणवत नाही अशात, प्रोस्टेट, फुप्फुस, स्वरयंत्र, मूत्राशय, मल्टिपल मायलोमा. बघा, वरच्या यादीत बहुतेक सगळं रक्तातल्या बी पेशींचं आहे, आणि त्या पेशींमध्ये हा रिसेप्टर असतो, त्यामुळे ते जुळतंही.

एमगसचा पुरावा कसा मिळाला ती गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फवारणी करणाऱ्या विमानदलाच्या मोहिमेचं नाव ऑपरेशन रँच हँड. त्या लोकांचा आणि फवारणीशी संबंध नसलेल्या विमानदलाच्या लोकांचा वीसेक वर्षं अभ्यास झाला, दर काही वर्षांनी रक्त घेऊन गोठवून ठेवलं. रँच हँडवाले जेमतेम १२०० होते, एवढ्याशा लोकांत दुर्मिळ कॅन्सर वाढला की नाही हे आकडे सांगूच शकत नाहीत. पण २००२ ला घेतलेले ते गोठवलेले नमुने पुढे काढून तपासले तर रँच हँडवाल्यांत ७.१ टक्के लोकांना एमगस आणि दुसऱ्या गटात ३.१ टक्के, हे २०१५ ला छापून आलं. ज्या माणसांनी तेव्हा निमूटपणे हात पुढे केला त्यांच्या रक्तामुळे आज तुमच्या व्याह्यांच्या आजाराचं नाव यादीत आहे.

उलट मूत्राशयाचं बघा. २०२३ च्या अभ्यासात २५ लाखांवर माजी सैनिक होते आणि धोका वाढलेला दिसला फक्त ४ टक्क्यांनी. शंभर जणांना एरवीही झाला असता तिथे एकशे चार. त्या १०४ मधला कोणता माणूस वरच्या चारांतला, हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. प्रोस्टेटचंही तसंच, सत्तरीत तो एरवीही होतो, व्हिएतनामला न गेलेल्यांनाही होतो. त्यामुळे "त्यांचं हे त्याचंच का" या प्रश्नाला माझं उत्तर असं की असू शकतं, आणि त्यांच्या एकट्याच्या बाबतीत ते कधीच सिद्ध होणार नाही, त्यांच्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही. म्हणूनच तर कायद्याने सिद्ध करायचं ओझं त्यांच्या खांद्यावरून काढून घेतलंय. व्याही ते ओझं स्वतःहून परत उचलतायत, ते खाली ठेवायला सांगा.

हे काढून घ्यायला किती वर्षं लागली तेही त्यांना ठाऊक असेलच. १९७० च्या एप्रिलमध्ये एजंट ऑरेंज थांबलं, ७० च्या दशकाच्या शेवटी आजारी माजी सैनिक कोर्टात गेले, १९८४ ला सात केमिकल कंपन्यांनी १८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली, पण चूक काही कबूल केली नाही. आणि त्याच युद्धातले अमेरिकी नौदलाचे ॲडमिरल झुमवाल्ट, ज्यांनी व्हिएतनामच्या नद्यांचे काठ साफ करायला फवारणीचा आदेश दिला होता. त्यांचा मुलगा त्याच नद्यांवर छोट्या गस्ती बोटीवर अधिकारी होता. मुलाला लिंफोमा झाला, १९८८ ला ४२ व्या वर्षी गेला. बाप पुढे म्हणायचा की आदेश दिला नसता तर काठावरच्या गोळीबारात माझ्या हाताखालची आणखी पोरं मेली असती, आणि तरीही १९९० ला त्यानेच सरकारला रिपोर्ट लिहून दिला की या आजारांचा संबंध मान्य करा. मी तो भाग वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

आता करायचं काय. घरात डीडी-२१४ नावाचा कागद असेल, सैन्यातून सुटताना देतात तो, त्यावर व्हिएतनामची नोकरी किंवा पदक दिसेल. तो, प्रोस्टेटच्या बायोप्सीचा रिपोर्ट, रेडिएशनचा सारांश आणि एम प्रोटीनचा रिपोर्ट, एवढं घेऊन काऊंटीच्या व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसरकडे जायचं, ओहायोत प्रत्येक काऊंटीत ते ऑफिस आहे, एक पैसा लागत नाही. कागद अर्धवट असले तरी त्याच दिवशी "इंटेंट टू फाइल", म्हणजे क्लेम करणार असल्याची सूचना, भरून टाका, त्याने तारीख पक्की होते आणि पूर्ण क्लेम भरायला एक वर्ष मिळतं, पुढे मंजूर झाला की पैसे साधारण त्या तारखेपासून धरतात. फोन करून आम्ही क्लेम मिळवून देतो, टक्केवारी द्या म्हणणारे बरेच निघालेत, त्यांना दारात उभं करू नका, पहिला क्लेम भरून द्यायचे पैसे घ्यायची कायद्याने परवानगीच नाही.

प्रोस्टेटचा उपचार संपलाय म्हणून काही मिळणार नाही असं नसतं, रेडिएशननंतर लघवीचा जो त्रास राहतो, रात्री चार वेळा उठावं लागतं, पॅड लागतात, त्यावरून अपंगत्वाचे टक्के आणि पैसे ठरतात. पुरुष हे सांगत नाहीत. तपासणीच्या दिवशी "आय ॲम फाइन" म्हणून येतात. तेव्हा विहीणबाईंना बरोबर जायला सांगा, त्यांनाच माहिती असतं रात्री काय होतं. एमगसवर आत्ता बहुधा शून्य टक्के देतील, पैसे नाहीत, तरी नोंद करून घ्यायची, कारण उद्या त्याचा मायलोमा झाला तर सगळं कागदावर आधीच जोडलेलं असेल.

आणि एक गोष्ट जी मी प्रत्येक कुटुंबाला सांगते. हा क्लेम त्यांच्यापुरता नसतो. या आजाराने ते गेले तर बायकोला दर महिन्याला वेगळी रक्कम मिळते. नवरा जिवंत असताना काहीच केलं नसेल तरी ती नंतर मागू शकते, पण तेव्हा कागद शोधायला कोण असतं, डेथ सर्टिफिकेटवर नुसतं हार्ट फेल लिहिलेलं असतं, आणि ८० वर्षांची बाई गॅरेजमधली खोकी उघडत बसते. मी असं बघितलंय, एकदा नाही. व्याही स्वतःसाठी काही मागायला तयार नसतील तर त्यांना एवढंच विचारा, तुमच्या मागे यांचं काय.

तब्येतीचं म्हणाल तर एमगस हा कॅन्सर नाही, मायलोमाच्या आधीची पायरी आहे आणि बहुतेक लोक त्या पायरीवरच आयुष्य काढतात, वर्षाला १०० मधल्या साधारण एकाचं पुढे जातं. पहिल्या सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा रक्त बघायचं, ते मात्र चुकवायचं नाही. मधेच पाठीत किंवा बरगडीत नवीन दुखणं जे झोपल्यावरही जात नाही, धाप, खूप थकवा, लघवीला फेस, पुन्हापुन्हा न्यूमोनिया, यातलं काही झालं तर पुढच्या वर्षीच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. पाठदुखीवर दुकानातून आणून आयबुप्रोफेन रोज खायचं नाही, किडनीवर येतं. आणि पाठदुखी निघाली तर डॉक्टरांना दोन्ही सांगा, एमगस आणि प्रोस्टेट, कारण प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात जाऊ शकतो, एमगसचा मायलोमा झाला तर तोही, आणि दोघांचे डॉक्टर वेगळे असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

जावयाचं आणि नातवाचं. वडिलांच्या संपर्कामुळे मुलाला कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही, तुम्ही रात्री जागू नका. व्हीए व्हिएतनामला गेलेल्यांच्या मुलांमध्ये स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष, मान्य करते, तो जन्मतःच कळतो, तुमच्या जावयाला नाहीये. त्याने एकच करायचं, वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता हे आपल्या डॉक्टरला सांगायचं आणि ४५ च्या आसपास पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्त तपासणी सुरू करायची, हे एजंट ऑरेंज नसतं तरी सांगितलंच असतं.

इथे मला थांबून एक बोलायचंच आहे. हे "तिथे होता का" वालं गृहीतक फक्त अमेरिकी सैनिकासाठी आहे. जे व्हिएतनामी सैनिक त्यांच्या शेजारी लढले, ज्या बायका त्या शेतात भात लावत होत्या आणि अजून लावतायत, त्या तर तिथेच होत्या, तिथून गेल्याच नाहीत. त्यांची केस अमेरिकेच्या कोर्टाने २००५ ला काढून टाकली आणि २००९ ला सुप्रीम कोर्टाने ऐकायला नकार दिला. मी माझ्या पेशंटचे फॉर्म मनापासून भरते आणि हे मला टोचत राहतं.

आता तुमच्या भावाचं. टू-फोर-डी हे त्या ड्रममधलं अर्धं औषध, हे खरं आहे. पण टीसीडीडी आलं ते दुसऱ्या अर्ध्यातून, 2,4,5-टी मधून, आणि ते अमेरिकेत १९८५ ला पूर्ण बंद झालं, भारतात तर त्याला रजिस्ट्रेशनच नाकारलंय. त्यामुळे भाऊ उसात एजंट ऑरेंज मारतोय असं नाही. तरी टू-फोर-डी म्हणजे पाणी नव्हे, आयएआरसीने २०१५ ला त्याला कॅन्सर करण्याची शक्यता असलेल्या गटात ठेवलंय, पुरावा कमी आहे पण शून्य नाही. वाळव्याकडे मी सुट्टीत बघितलंय, उघड्या अंगाने, पायात काही नाही, पाठीवरचा पंप गळतोय आणि पाठ ओली झालीये, माणूस तसाच ओळी संपवतो आणि त्याच हाताने तंबाखू मळतो. गळका पंप आधी दुरुस्त करा, हातमोजे, बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वाऱ्याच्या दिशेने फवारणी, घरी आल्यावर आधी आंघोळ आणि ते कपडे बाकीच्यांत भिजवायचे नाहीत. आणि रिकामा डबा घासूनपुसून पाणी, रॉकेल, दाणे ठेवायला वापरायचा नाही, भोक पाडून टाकून द्यायचा. वहिनींना हे आधी सांगा, डबा त्याच उचलून आत आणतात.

व्याह्यांचा एम प्रोटीनचा आकडा, तो आयजीजी आहे का आयजीए, फ्री लाइट चेन रेशो, हिमोग्लोबिन, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन एवढं जावयाकडून मागवून घ्या आणि मला कळवा, एम प्रोटीन १.५ ग्रॅम प्रति डेसीलिटरच्या आत असेल, आयजीजी असेल आणि रेशो नॉर्मल असेल तर मी बरीच निर्धास्त होईन, नाहीतर हाडांचा स्कॅन कधी करायचा ते बोलू.